गाडी खंय तापता?

(मालवण तालुक्यातील महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'गाडीचे इंजिन तापणे' असं छापलेलं पाहून काल दोघीतिघींनी मला विचारलं, छपाईची चूक झाली का म्हणून. चूक नाही. कालपासून आपण पोटगी, पोलीस ठाणं, समुपदेशन यांवर बोलतो आहोत. आज मी इंजिन का तापतं आणि रेडिएटरमागचा पंखा का बंद पडतो यावर बोलणार आहे. मी मेकॅनिक नाही. एम.एस.डब्ल्यू. केलेली, गावोगाव फिरणारी कार्यकर्ती आहे. पण हा विषय मी हौसेने शिकले नाही, आणि तो का शिकले हे आधी सांगते, म्हणजे पुढचं कंटाळवाणं वाटणार नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेचा दिवस. आपल्याकडे त्या दिवशी रस्ते कसे असतात ते तुम्हाला सांगायला नको. मुंबईपासूनचे चाकरमानी, गाड्या, एसटीच्या जादा फेऱ्या, पायी चालणारे. संध्याकाळी साडेसातला मसुरे भागातल्या एका गावातून एका बाईचा फोन आला. ती आमच्याकडे आधी दोनदा येऊन गेली होती. दोन्ही वेळा 'बघू, मुलीची परीक्षा होऊ दे' म्हणून परत गेली होती. या वेळी ती म्हणाली, "ताई, मी भायर पडलंय. पोरग्या माझ्यावांगडा आसा. तिठ्यावर उभी रवतंय." घरातली माणसं जत्रेला गेली होती. ती परत यायच्या आत तिला निघायचं होतं. आम्ही दोघी मालवणहून निघालो. संस्थेची गाडी, पेट्रोलवर चालणारी, तिसऱ्या हाताने घेतलेली. गाडी मीच चालवत होते.

गाडी चालवायला आम्ही शिकलो त्यालाही कारण होतं. आधी ड्रायव्हर होते. माणूस वाईट नव्हता, पण आमची गाडी कोणत्या वाडीत, कोणाच्या दारात थांबली ते दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर माहीत असायचं. गुप्ततेच्या गप्पा आपण शिबिरात मारतो, आणि केसचा पत्ता मात्र ड्रायव्हरच्या तोंडी. म्हणून आम्ही दोघींनी लायसन काढलं. पण स्टिअरिंग हातात आलं म्हणजे गाडी हातात आली असं आम्ही समजलो, आणि बॉनेटच्या खाली काय आहे ते 'गॅरेजवाल्यांचं काम' म्हणून सोडून दिलं.

तर त्या रात्री गर्दीत गाडी अडकली. दहा मिनिटांत दहा पावलं. एसी चालू होता. आधी त्यातून गरम हवा यायला लागली, मला वाटलं गॅस संपला असेल. मग काटा वर चढलेला दिसला. मग बॉनेटच्या फटीतून वाफ. कडेला घेतली. चार पुरुष जमले, प्रत्येकाचं मत वेगळं, सगळ्यांचं एकच की पाणी ओता. मी रुमाल धरून रेडिएटरचं झाकण फिरवलं. हा माझ्या उजव्या मनगटावरचा डाग त्या झाकणाचा आहे.

आम्ही तिठ्यावर पोचलो तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. तिथे कोणी नव्हतं. ती नवऱ्याबरोबर परत घरी गेली होती. पुन्हा आमच्याकडे आली ती आठ महिन्यांनी. मधल्या आठ महिन्यांत काय झालं ते तिचं आहे, मी इथे सांगणार नाही. आज ती स्वतःच्या पायावर उभी आहे एवढं सांगायला तिची परवानगी आहे.

त्यानंतर गाडी तीन गॅरेजांत फिरली. पहिल्या ठिकाणी थर्मोस्टॅट काढूनच टाकला, "कोकणात कशाला लागतो तो." दुसऱ्या ठिकाणी रेडिएटर उतरवून साफ केला, होजपाइप बदलले, कूलंट भरलं. गाडी पुन्हा बाजारात तापली. तिसऱ्या ठिकाणी वॉटर पंप बदलावा लागेल म्हणाले. मी विचारलं, पंप खराब आहे हे कशावरून? उत्तर मिळालं, "मॅडम, तुम्हाला ते कळणार नाही." तोवर साडेअकरा हजार रुपये गेले होते. आपल्यासारख्या संस्थांना ते कुठून आणायचे? प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात बैठकांना पैसे असतात, फ्लेक्सला असतात. गाडीच्या दुरुस्तीचा रकाना कोणी देत नाही. किती मेळावे झाले ते सगळे विचारतात, रात्री गाडी सुरू होते का ते अजून कोणी विचारलेलं नाही.

शेवटी उत्तर मिळालं ते बंदरावर. मच्छीमार बायकांच्या बैठकीला गेले होते, तिथे ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करणारे एक म्हातारे आजोबा जाळ्याशेजारी बसले होते. मी सहज रडगाणं गायले. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "गाडी खंय तापता? चढणीक, की बाजारात?"

तीन गॅरेजांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आणि मला लाज वाटली, कारण आमच्या शिक्षणात पहिल्या वर्षी पहिली गोष्ट हीच शिकवतात. बाई समोर आली की लगेच उपाय सांगायचा नाही. आधी विचारायचं: कधी होतं, कुठे होतं, त्याच्या आधी काय झालेलं असतं, कधी होत नाही. 'कधी होत नाही' हे विचारायला आपण विसरतो. माझी गाडी कसालपर्यंत मोकळ्या रस्त्याने गेली तर तापत नव्हती. फोंडाघाट चढून राधानगरीकडे गेलो तेव्हाही तापली नव्हती. ती तापायची मालवणच्या बाजारपेठेत, कणकवलीच्या सिग्नलला, जत्रेत. आजोबा म्हणाले, "मगे पाणी बरा आसा. वारो नाय. पंखो बघ."

आता हे नीट समजून घेऊ.

इंजिनात पेट्रोल जळतं, पण त्या उष्णतेचा जेमतेम पाव ते एक तृतीयांश भाग चाकं फिरवायला उपयोगी पडतो. बाकीची काही धुरातून बाहेर जाते, आणि उरलेली पाण्याने वाहून न्यावी लागते, नाहीतर धातू वाकेल. इंजिनाच्या अंगात पाण्याच्या वाटा असतात. वॉटर पंप ते पाणी फिरवतो. इंजिन गार असेपर्यंत थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान उघडतो. म्हणून तो 'कोकणात कशाला' म्हणून काढायचा नसतो. इंजिन गारच राहिलं तर पेट्रोल जास्त खातं आणि लवकर झिजतं. रेडिएटरमध्ये पाणी बारीक नळ्यांतून जातं आणि वाऱ्याने थंड होतं. गाडी वेगात असली की वारा आपोआप मिळतो. थांबली की वारा थांबतो, म्हणून मागे पंखा. बहुतेक छोट्या गाड्यांत तो विजेवर चालतो, आणि पाणी साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास गेलं की आपला आपण सुरू होतो.

पूर्वी तसं नव्हतं. अँबॅसडर, प्रीमियर पद्मिनी यांचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. पट्टा तुटला की पंखा, पंप, सगळंच बंद. १९८३ साली मारुती ८०० आली, तिचं इंजिन आडवं बसवलेलं, त्यामुळे पंखा पट्ट्याला जोडता येत नाही. त्याला स्वतःची मोटर लागते. मोटर आली म्हणजे वायर आली, फ्यूज आला, रिले आला, सेन्सर आला. आणि आपल्या किनाऱ्यावर वायर म्हटलं की खारी हवा आलीच. घरातले बिजागरे, सायकलची साखळी, शिलाई मशीनची सुई यांचं काय होतं ते तुम्ही रोज बघता. बॉनेटखालच्या तांब्याच्या जोडांचंही तेच होतं.

आता झाकणाबद्दल. बायकांना काही समजवायचं म्हटलं की लोक स्वयंपाकघरात घुसतात, त्याचा मला राग आहे. पण इथे कुकरइतकं अचूक उदाहरण दुसरं नाही, म्हणून देते. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरचं वजन. ते आत दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं पाणी १०० अंशांना उकळत नाही, ११५-१२० अंशांपर्यंत पाणीच राहतं. तुम्ही झाकण फिरवलंत की दाब एका क्षणात जातो, आणि उकळतं पाणी वाफेसकट तुमच्या अंगावर येतं. शिट्टी होत असलेला कुकर आपण कधी उघडतो का? पण जत्रेत, चार पुरुष 'उघडा उघडा' म्हणताना, मी उघडला. निदान अर्धा-पाऊण तास थांबा. मग वरच्या जाड होजपाइपला फडक्याने दाबून बघा. टणक लागला तर अजून दाब आहे. मऊ लागला तरी झाकण जाड फडक्याने, तोंड बाजूला करून, थोडंच फिरवा, वाफेला जाऊ द्या, मग उघडा. आणि तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो.

काट्याबद्दलही एक सावधगिरी. काटा खाली आला म्हणजे गाडी थंड झाली असं नेहमी नसतं. पाणी संपलं असेल तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं सांगतो. वाफ दिसत असेल आणि काटा खाली असेल तर वाफेवर विश्वास ठेवा.

तर कुठे तापते, यावरून दिशा ठरते. थांबल्यावर, गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्याला ठीक असते, तर पहिला संशय पंख्यावर. उभ्या गाडीत एसी गरम हवा देतो आणि गाडी पळायला लागली की गार देतो, ही त्याचीच दुसरी खूण, कारण एसीलाही तोच वारा लागतो. मला ती खूण त्या रात्री अर्धा तास आधी मिळाली होती, मी वाचली नाही. करूळ घाटात, फोंडाघाटात, आंबोलीला चढताना तापते आणि बाजारात ठीक असते, तर पाणी कमी, रेडिएटर आतून तुंबलेला, किंवा पंप दमलेला. सुरू केल्यावर पाचसात मिनिटांतच काटा वर जातो, तर थर्मोस्टॅट बंदच्या बंद अडकलेला, नाहीतर पाणीच नाही. पाणी रोज कमी होतं आणि खाली ओल दिसत नाही, धूर पांढरा येतो, तेलाच्या झाकणाखाली ताकासारखा फेस दिसतो, तर हेड गॅस्केट गेलं. तिथे आपलं काम संपलं, हेड उतरवावं लागतं आणि खर्च मोठा आहे. तापलेली गाडी 'जाईल हळूहळू' म्हणून दामटली की बहुतेक वेळा इथेच पोचते.

पंख्याची तपासणी आपण स्वतः करू शकतो. त्याला हत्यारं जवळजवळ लागत नाहीत. सकाळी, इंजिन थंड असताना सुरुवात करायची. पाण्याच्या डब्यावर दोन खुणा असतात, पातळी त्यांच्या मध्ये हवी. मग गाडी सुरू करून जागेवरच ठेवायची, एसी बंद. काटा मध्यावर येईल, थोडा वर जाऊ लागेल, आणि त्या सुमाराला पंख्याचा घोंघाट ऐकू आला पाहिजे. वेळ लागतो, घाई नको. काटा मध्याच्या बराच वर गेला आणि आवाज नाही, तर इंजिन बंद. दुसरी चाचणी सोपी: एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लावताच पंखा फिरतो.

इथे एक गोष्ट कानात तेल घालून ऐका. काही गाड्यांत इंजिन बंद केल्यावरही पंखा एकदम सुरू होतो. पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी मागे बांधा. 'बायकी कपडे' म्हणून कोणी हसलं तर हसू दे.

पंखा फिरत नाही असं ठरलं की फ्यूज बघायचा. बॉनेटखाली काळी पेटी असते, झाकणाच्या आतल्या बाजूला कोणता फ्यूज कशाचा त्याचा नकाशा असतो. आतली तार तुटलेली डोळ्यांना दिसते. तेवढ्याच अँपिअरचा फ्यूज घालायचा, मोठा नाही आणि तार तर नाहीच, गाडी पेटते. फ्यूज ठीक असेल तर रिले. हॉर्नचा किंवा दुसरा कसला रिले त्याच नंबरचा असेल तर अदलाबदल करून बघता येते, नंबर वेगळा असेल तर नको. मग पंख्याचा जोड सुटा करून मोटरला बॅटरीवरून दोन वायरींनी थेट वीज द्यायची, अधिक-उणे सांभाळून, मध्ये फ्यूज घालून. हे पहिल्यांदा कोणीतरी जाणकार शेजारी असताना करा. पंखा फिरला तर मोटर चांगली, दोष मागे वायरीत किंवा सेन्सरमध्ये. नाही फिरला तर मोटर गेली. सेन्सरचीही एक युक्ती आहे: बऱ्याच नव्या गाड्यांत पाण्याचा सेन्सर सुटा केला की गाडीचा कॉम्प्युटर घाबरून पंखा चालू करतो. तसा चालू झाला तर वायर, रिले, मोटर सगळं ठीक, सेन्सरवर संशय घ्यायचा.

आमच्या गाडीत काय निघालं? बॅटरीवरून वीज दिल्यावर पंखा छान फिरला. फ्यूज चांगला, रिले चांगला. आमच्या बचत गटातल्या एका बाईची मुलगी आयटीआयला वायरमनचं शिकलेली आहे, ती टेस्टर घेऊन आली. अर्ध्या तासात तिने पंख्याची अर्थिंगची वायर दाखवली. बॉडीला जिथे बोल्टने जोडलेली होती तिथे खाऱ्या हवेने हिरवा-तांबडा थर चढला होता. वायर तुटलेली नव्हती, जागेवर होती, बाहेरून पाहिलं तर शाबूत. पण वीज जात नव्हती. पॉलिश पेपरने घासली, बोल्ट आवळला, वर थोडं व्हॅसलिन लावलं. खर्च पॉलिश पेपरचा. थर्मोस्टॅट मात्र परत बसवून घ्यावा लागला.

'पंखा डायरेक्ट करून देतो' असं तुम्हाला गॅरेजमध्ये सांगतील, म्हणजे चावी फिरवली की पंखा कायम चालू. रस्त्यात अडकलात तर त्या दिवसापुरतं ठीक. कायमचं करू नका. मोटर लवकर जाते, आणि खरा दोष झाकला जातो. दोष झाकून संसार चालू ठेवण्याचे सल्ले आपण पुष्कळ ऐकलेले आहेत.

आणि पाणी. देवबागसारख्या ठिकाणी, खाडी आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीवर, विहिरींना खारटपणा येतो. असलं पाणी रेडिएटरमध्ये गेलं की आतून गंजतो, नळ्यांत थर बसतो. अडीअडचणीला जे मिळेल ते ओता, पण नंतर काढून टाकून कूलंट भरून घ्या. समोरच्या जाळीत लाल माती आणि पाचोळा अडकतो, तो आठवड्याला पाण्याच्या हलक्या धारेने धुवा.

हे सगळं पुरुषांचं क्षेत्र आहे असं मानणाऱ्यांसाठी एक माहिती. मोटारीने पहिला लांबचा प्रवास केला तो एका बाईने. १८८८च्या ऑगस्टमध्ये बर्टा बेंझ नवऱ्याला न सांगता त्याची तीनचाकी मोटार घेऊन, दोन मुलांना बरोबर घेऊन, जर्मनीत मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली. साधारण १०६ किलोमीटर. त्या गाडीला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता, पाणी उकळून वाफ होऊन उडून जायचं, म्हणून वाटेत पुन्हा पुन्हा थांबून पाणी भरावं लागत होतं. इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या पिनेने मोकळी केली. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं. ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. हे तिला 'कळणार नाही' असं बहुधा कोणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि तिने ऐकलं नसेल.

एक गोष्ट राहिली, ती सांगायला मला जड जाते. आज मला माहीत आहे की पंखा बंद असलेली गाडीही मोकळ्या रस्त्यावर बेताच्या वेगाने चालू शकते, कारण वारा पंख्याचं काम करतो. त्या रात्री मी एसी बंद केला असता, हीटर पूर्ण लावला असता (हो, हीटर, कारण तो इंजिनाची उष्णता आत ओढून घेतो, आपण घामाघूम होतो पण काटा खाली येतो), झाकणाला हात न लावता पाऊण तास थांबले असते, पाणी बघितलं असतं आणि गर्दीचा रस्ता सोडून आडवाटेने गेले असते, तर दहाच्या आत तिठ्यावर पोचले असते. ती सव्वादहापर्यंत उभी होती. हे तिनेच नंतर सांगितलं, तक्रार म्हणून नाही, सहज.

आता आमच्या कार्यालयात फोनशेजारी दोन कागद चिकटवलेले आहेत. एकावर ११२, १८१, १०८ हे नंबर आणि संरक्षण अधिकाऱ्यांचा नंबर. दुसऱ्यावर गाडीची वही: पाण्याची पातळी कोणी आणि कधी बघितली, पंखा शेवटी कधी फिरताना ऐकला, गाडी कुठे तापली. सही करायची. सही नसेल तर रात्री गाडी काढायची जबाबदारी कोण घेणार, यावर आमची भांडणं होतात, आणि ती व्हावीत असं मला वाटतं.

जेवणानंतर गाडी मागच्या अंगणात माडाखाली उभी असेल. मी पंख्याचा एक जोड मुद्दाम सुटा करून ठेवला आहे, कोणता ते सांगणार नाही. बॉनेटही मी उघडणार नाही. पाच-पाचच्या गटाने या, पदर खोचून या, आणि पहिला प्रश्न मला विचारा.